पाव टक्का

धुळ्याच्या देवपुरातले आधार बैसाणे मुहूर्त मानत नसत. स्वतःचं लग्न त्यांनी भर अमावास्येला केलं होतं आणि ते अजून टिकून आहे, हे ते लिलाबाईंच्या देखत सांगत. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून मात्र एक तारीख ते कडक पाळू लागले, रिझर्व्ह बँकेच्या पतधोरणाची. दर दोन महिन्यांनी त्या दिवशी दहाच्या आत अंघोळ उरकून ते टीव्हीसमोर बसत.

त्यातच जानेवारीत मुलाचं, प्रशीलचं, अमळनेरच्या स्नेहलशी जमलं. तो तेहतीस वर्षांचा, आधी चार ठिकाणी नकार ऐकलेला. स्नेहलला बघून आल्यावर पहिल्यांदा घरात गुणगुणताना दिसला. मुलीचे वडील निंबानाना यांचं काहीच मागणं नव्हतं. अट घातली ती आधाररावांनीच. आधी फ्लॅट, मग लग्नाची तारीख. आणि फ्लॅट कर्जाचे दर उतरल्यावरच.

फेब्रुवारीत दर पाव टक्का उतरला.

"मंग घ्या आता," लिलाबाई म्हणाल्या.

"आता कुठे सुरुवात आहे. उतरत्या दरात घाई करायची नसते."

"बाबा, कर्ज रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराला जोडलेलं असतं," प्रशील म्हणाला. "आज घेतलं तरी पुढे दर उतरला की आपलाही उतरेल."

"आणि तोवरचे हप्ते चढ्या दराने कोण भरणार?"

प्रशीलने विषय सोडून दिला. त्याचं आयुष्यात नेहमी तिथेच चुकत आलं होतं.

एप्रिलमध्ये आणखी पाव उतरला, जूनमध्ये चक्क अर्धा. आधाररावांचा अंदाज दर वेळी बरोबर येत होता, हीच मोठी पंचाईत. कर्ज स्वस्त झालं तसं बाकीचं धुळं फ्लॅट घ्यायला धावलं आणि यांनी पाहून ठेवलेल्या फ्लॅटचा भाव बिल्डरने दोन लाखांनी चढवला. फ्लॅटसाठी बँकेत ठेवलेल्या ठेवीची मुदत संपली, तिला नवं व्याज मिळालं तेही उतरलेलं. मग ऑगस्टमध्ये दर हलला नाही, ऑक्टोबरमध्येही नाही.

"दोनदा थांबलेत म्हणजे डिसेंबरात उतरवणारच."

"दर उतरी, मान्य शे," लिलाबाई प्रशीलकडे बघत अहिराणीत म्हणाल्या. "पोऱ्यानं वय उतरी का?"

दिवाळीनंतर स्नेहलचे फोन येईनासे झाले. प्रशीलने कोणाला सांगितलं नाही. तो जेवायचा, ऑफिसला जायचा. घरात त्याचा आवाज असा नव्हताच.

डिसेंबरात पाव टक्का उतरला. आधाररावांनी पेढे घेतले आणि तडक अमळनेरची एसटी धरली. निंबानानांनी पाणी दिलं.

"नाना, आता तारीख काढू."

"पोरनं लगीन ठरी गयं, भाऊ. पारोळाना पोऱ्या शे."

आधाररावांनी पेढ्यांचा पुडा पुन्हा पिशवीत ठेवला. "स्वतःचा फ्लॅट असेल त्या पारोळ्याच्या मुलाचा."

"नही. भाडान्या दोन खोल्या शेतस."

"मग काय पाहिलं तुम्ही त्याच्यात?"

"त्यानी तारीख सांगी," निंबानाना म्हणाले. त्यांनाही वाईट वाटत होतं.

तेवढ्यात आधाररावांचा फोन वाजला. प्रशील होता, आणि कित्येक महिन्यांनी त्याच्या आवाजात जीव आला होता.

"बाबा, आज मी तुम्हाला न विचारता फ्लॅट बुक केला. रिकाम्या हाताने नानांना कसा फोन करणार होतो? कर्जाच्या कागदांवर सह्याही करून टाकल्या. वीस वर्षांचं आहे. तुम्ही अमळनेरलाच आहात ना, स्नेहलला तुम्हीच सांगा."