नाकाचा चार्ज

सोमवारी सकाळी सव्वादहा वाजता यमुनाबाई पागधरे यांच्या नव्या नाकाने कामावर रुजू होण्यास नकार दिला.

नाक टेबलावर निळ्या कपड्यावर होतं. डॉक्टर केतकी नाडकर्णींनी आठवडाभर खपून ते सिलिकॉनचं घडवलं होतं. किनाऱ्यावरच्या उन्हात रापलेला रंग, डावीकडचा तीळ, काही सुटलं नव्हतं. ते ज्यांवर बसायचं ते तीन टायटॅनियमचे स्क्रू यमुनाबाईंच्या हाडात केव्हाच रुजले होते.

"स्क्रू रुजले, पण मी रुजू झालेलो नाही," नाक म्हणालं. "मागच्या नाकाने चार्ज दिलेला नाही."

"ते कॅन्सरमध्ये गेलं रे बाबा!" यमुनाबाई पदराआडून म्हणाल्या. "चार्ज कसला देतंय! उद्या मला बाजारात माझ्या जागेवर बसायचंय. दोन वर्षं सून बसतेय तिथे. लोक म्हणतात, मासळी विकायला नाक कशाला? अरे, गिऱ्हाइकाशी भांडायला लागतं!"

"कामाचं स्वरूप?"

"चष्मा धरायचा. कोणी भाव पाडून मागितला की मुरडायचं."

"सिलिकॉन मुरडत नाही."

"राहू दे. ते मी हल्ली भुवयांनी करते."

डॉक्टरांनी तशी नोंद घेतली.

"मधल्या काळात प्रभारी कोण होतं?" नाकाने विचारलं.

"पदर."

"मग चार्ज पदराने द्यावा. घरच्या साक्षीदारासमोर."

"नियमाला धरून आहे, मावशी," डॉक्टर म्हणाल्या.

साक्षीदार बाहेरच बसली होती, सून प्रभा. तिला आत बोलावलं. यमुनाबाई तिच्यासमोर दोन वर्षं जेवल्यासुद्धा नव्हत्या. भिंतीकडे तोंड करून जेवायच्या.

"नको. मी पदरातच बसेन बाजारात."

डॉक्टरांनी रजिस्टर पुढे ओढलं. पेन उघडं धरून थांबल्या. नाकही थांबलं.

मग यमुनाबाईंनी आपल्या हाताने पदर खाली घेतला.

प्रभाने पाहिलं. नीट, सावकाश पाहिलं.

"आई, डोळ्यांखाली किती काळं झालंय तुमच्या! झोपत नाही वाटतं?"

"तू पापलेटं मातीमोल भावात फुंकून टाकतेस, झोप कुठून येणार?"

प्रभाने साक्षीदार म्हणून सही केली. नाक स्क्रूंच्या डोक्यावरच्या लोहचुंबकांवर टक्कन बसलं.

डॉक्टरांनी रजिस्टरात दोन नोंदी केल्या. नाक सकाळी अकराला रुजू. पदर मूळ जागी, खांद्यावर परत.