कोसमबोडीची चहा-उत्पादक उच्चभूमी

कोणताही प्रदेश आधी कागदावर उंच होतो. जमीन आपल्या सवडीने मागून येते. भूगोलाच्या पुस्तकांनी हे सत्य आजवर दडवून ठेवले असले, तरी सालेकसा तालुक्यातल्या कोसमबोडी गावाने ते सप्रमाण सिद्ध केले आहे. राज्यातील (आणि विनयाने सांगायचे तर जगातील) सर्वांत लहान चहा-उत्पादक उच्चभूमी आज या गावात आहे. तिची लांबी चारशे बारा मीटर, रुंदी तीन मीटर आणि सभोवतालच्या धानाच्या बांध्यांपासून (म्हणजे भातखाचरांपासून) उंची पाच मीटर. ही उन्हाळ्यातली उंची. पावसाळ्यात बांध्यांत पाणी भरले की उच्चभूमी साडेचारवर येते.

अजाण लोक तिला तलावाची पाळ म्हणतात.

प्रत्येक जिल्ह्यात एक चहा-उत्पादक उच्चभूमी असावी, असे वरून ठरले होते. वरून ठरलेल्या गोष्टींना खालून जागा शोधायची असते, आणि ते काम उच्चभूमी सहायक धर्मेंद्र यांच्याकडे आले. तालुक्यात खरे डोंगर नाहीत असे नाही. कचारगडाच्या अंगाला चांगले गुहांसकट आहेत. पण त्यांवर देव, अस्वले आणि साग यांचा जुना ताबा आहे, आणि या तिघांची एकत्रित ना-हरकत घेण्याचा छापील नमुना उपलब्ध नव्हता. धर्मेंद्र तीन दिवस मोटारसायकलवर उंची शोधत फिरले. तिसऱ्या दिवशी दुपारी ते कोसमबोडीच्या तलावाच्या पाळीवर डबा उघडून बसले. एका हाताला तलाव, दुसऱ्या हाताला बांध्या. त्यांनी परिपत्रक काढून व्याख्या वाचली: "सभोवतालापेक्षा उंच, दोन्ही बाजूंस उतार असलेला, पाण्याचा निचरा होणारा सलग भूभाग." शोध तिथेच लागला. (डबा अर्धाच राहिला, याची हळहळ त्यांना अजून आहे.)

आता या प्रदेशाच्या लोकजीवनाकडे वळू.

उच्चभूमीची लोकसंख्या एक. नाव वच्छलाबाई. वय साठीच्या आसपास, साक्षरता पन्नास टक्के (वाचता येते, लिहिता येत नाही). शेळ्या अकरा, पण त्या जनगणनेत धरलेल्या नाहीत.

वच्छलाबाई तिथे कशा, हे समजायला या मुलखाची एक रीत ठाऊक हवी. इकडे बांधीत धान लावतात आणि बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे दोन बांध्यांमधल्या मातीच्या कडेवर, तूर. धान घराचे पोट भरतो, तूर त्याला चव देते. ज्याच्या नावे बांधी त्याचा धुरा. वच्छलाबाईंच्या नावे बांधी नाही; त्या दुसऱ्यांच्या बांध्यांत मजुरीने रोवणी, म्हणजे भातलावणी, करतात. म्हणून त्यांच्या सासूच्या काळापासून गावाने तलावाची पाळ त्यांच्या घराला तुरीपुरती दिलेली. याचा कागद नाही. पण कोसमबोडीत ही गोष्ट शेजारच्या शेळीलाही ठाऊक आहे. त्या पाळीवरच्या तुरीत वच्छलाबाईंची वर्षाची डाळ निघते. एरवी ती पातळ असते. शिमग्याला लेक रीता सासरहून आली की तेवढे दोन दिवस घट्ट. पेरताना त्या दरवर्षी तेच गुणगुणतात:

बांधीतला धान मालकाचा, पाळीवरची तूर माही गा,
लेक येईल शिमग्याले, ताटात पडंल काही गा.

(सदर गीताची नोंद प्रकल्प अहवालात "चहामळ्यातील पारंपरिक लोकसंगीत" या शीर्षकाखाली झाली आहे.)

शासनव्यवस्था भक्कम आहे. या एका लोकसंख्येसाठी एक संचालक, दोन उपसंचालक, तीन पर्यवेक्षक आणि एक सहायक असे सात अधिकारी नेमण्यात आले. दर माणशी सात अधिकारी हे प्रमाण भल्या भल्या देशांना गाठता आलेले नाही. त्यातले सहा बाहेरून कारभार पाहतात, कारण सगळे एकदम आले तर पाळ खचेल, असा तांत्रिक अहवाल आहे.

प्रस्तावाच्या नमुन्यात एक प्रश्न होता: "चहामळ्यास आवश्यक स्थलांतरित मनुष्यबळ उपलब्ध आहे काय?" धर्मेंद्र यांनी तो सरपंच धनलालभाऊंना वाचून दाखवला.

"आहे ना," धनलालभाऊ म्हणाले. "आमी नाही का? माळव्याहून आलो."

"कवा?"

"झाले असतीन तीनशे साल. लिहून टाक. तारीख कोन इचारते?"

तारीख कोणी विचारली नाही. उच्चभूमी मंजूर झाली, आणि उच्चभूमीपर्यंत डांबरी रस्ताही तत्त्वतः मंजूर झाला. हा रस्ता गाव बावीस वर्षे मागत होते. बाळंतिणीला खाटेवर घालून न्यावे लागणाऱ्या गावाला जे मिळाले नाही, ते चहा व्यवस्थित बाहेर पडावा म्हणून मिळत होते. आणि चहाबद्दल गावात जो आदर निर्माण झाला तो असा.

अकराशे रोपे दूरच्या खऱ्या डोंगरांवरून रेल्वेने गोंदिया जंक्शनला उतरली. महिना मे. फलाटावर दोन दिवस, मग टेम्पोत एक. तरीही उद्‌घाटनाच्या दिवशी पाळीवर अकराशे खड्ड्यांत ती टाळ्यांच्या गजरात लावण्यात आली. मृग लागेपर्यंत एकही जिवंत नव्हते.

पाऊस पडला. धर्मेंद्र ऑगस्टात रोपांची मोजणी करायला पाळीवर आले आणि बघतात तर अकराशे खड्ड्यांतून हिरवीगार रोपे, रांग न मोडता, वाऱ्यावर माना हलवत उभी. शेजारी वच्छलाबाई निंदण करत बसलेल्या.

"मावशी, हे काय होय?"

"तूर होय बाबू. दुसरं काय राहील?"

"अन् चहा?"

"थो तं कवाच गेला बाप्पा. उन्हानं पार करपला. मी चार दिवस घागरीनं पानी घातलं त्याले. मंग म्हटलं, परमुलखाचा जीव, किती वाचवाचा?"

"अन् तुमी तिथंच तूर टोबली?"

"सरकारनं आयते खड्डे करून देले. रिकामे ठेवाचे काऊन?"

धर्मेंद्र यांच्यापुढे दोन मार्ग होते. रोपे मेली म्हणावे, तर प्रत्येक रोपासाठी मृत्यूचे कारण, पंचनामा आणि छायाचित्र असा अकराशे पानांचा अहवाल, आणि वर त्यांची स्वतःची कायम न झालेली नोकरी. रोपे जगली म्हणावे, तर संगणकावर एक टिचकी. त्यांनी जगण्याचे प्रमाण एकशे चार टक्के लिहिले. (काही खड्ड्यांत दोन-दोन दाणे पडले होते. आकडा प्रामाणिक आहे.)

वर एकशे चार टक्के वाचून आनंदाची लाट उसळली आणि पौषात पाच सदस्यांची तज्ज्ञ समिती पाहणीला आली.

या समितीचे मोठेपण मला मुद्दाम सांगितले पाहिजे. पाचांपैकी एकानेही जिवंत चहाचे झाड पाहिलेले नव्हते. त्यामुळे पूर्वग्रह नव्हता. उलट पाचही जण शेतकऱ्यांच्या घरचे. पाचांच्याही धुऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या तूर. डोक्याइतकी वाढलेली झाडे, पिवळी फुले आणि पहिल्या हिरव्या शेंगा पाहताच पाचही जणांनी तूर ओळखली, आणि पाचही जण, बाकीचे चौघे काय म्हणतात ते ऐकायला, गप्प राहिले. ही शांतता साधारण दीड मिनिट टिकली. मग अध्यक्षांनी एक पान चुरगाळून हुंगले.

"जोमदार आहे," ते म्हणाले.

"या मातीत वेगळा गुण उतरतो," दुसरे म्हणाले.

तिसऱ्यांनी फुले पिवळी असल्याची नोंद "स्थानिक हवामान" या रकान्यात केली.

तेवढ्यात वच्छलाबाई गंज, म्हणजे पातेले, घेऊन आल्या. त्यांनी सकाळीच तुरीच्या शेंगा तोडून मीठ घालून उकडल्या होत्या. इतके शिकलेले लोक आले आहेत, शेंग दाताखाली आली की काय ते कळेलच, अशी त्यांची भाबडी समजूत. त्यांनी गंज समितीपुढे ठेवला.

"घ्या साहेब. तुमच्याच चहाच्या आहेत."

धर्मेंद्र तलावाकडे पाहू लागले.

"खा अन् तुमीच सांगा," वच्छलाबाई म्हणाल्या. "चहाले शेंगा येतेत का?"

समितीने खाल्ल्या. उकडलेल्या शेंगेला नाही म्हणणारा माणूस या जिल्ह्यात अजून जन्माला यायचा आहे. फोलपटांचा ढीग वाढत गेला. अध्यक्षांनी तळाची शेंग शोधून काढली, दाणे तोंडात टाकले आणि डोळे मिटून निर्णय दिला: "नमक बराबर है."

पुरावा संपला होता. अहवालात त्याचा उल्लेख "चहासोबत देण्यात आलेला स्थानिक अल्पोपहार उत्तम" असा आहे. पुढच्या परिच्छेदात मात्र समिती कठोर झाली: "काही चहाच्या झाडांस शेंगा धरल्याचे आढळले. ही देखभालीतील गंभीर त्रुटी आहे. सर्व फुले व शेंगा तात्काळ खुडून टाकाव्यात आणि दर आठवड्यास दोन पाने व एक कळी या पद्धतीने तोड सुरू करावी."

म्हणजे दाणा पिकायच्या आत तूर संपवायची.

वच्छलाबाई सरपंचांकडे गेल्या.

"धनलालभाऊ, तुमी तं माह्या सासूपासून पाहून राहिले. सांगा ना त्याइले, तूर आहे म्हून."

धनलालभाऊंनी आधी रस्त्याच्या दिशेने पाहिले, तिथे गिट्टीचे, म्हणजे खडीचे, पहिले ढीग पडले होते. "वैनी, मले का दिसत नाही? पन मी तूर म्हटलं तं गिट्टी वापस जाईल. एक साल चहा म्हून घे ना. तुले काय फरक पडते?"

"मले डाळीचा फरक पडते."

"थे तं आहे," धनलालभाऊ प्रामाणिकपणे म्हणाले, आणि आत निघून गेले.

रस्ता वच्छलाबाईंनाही हवा होता. खाटेवरून नेलेल्या बाळंतिणींत एकदा त्यांची रीता होती. त्या घरी आल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच पाळीवर खुडायला उभ्या राहिल्या. दुसऱ्यांचे हात लागले तर फांद्या पिळवटतील, एवढेच त्या म्हणाल्या. पाठीला टोपली बांधून त्यांचा फोटो काढण्यात आला. (इकडे टोपली डोक्यावर नेतात, पाठीची टोपली नागपुरातून मागवली.) फोटोत त्या हसत नाहीत, म्हणून खाली "कामात तल्लीन" असे छापले आहे. त्या दिवशी पाळीवर गाणे झाले नाही. लोकसंगीताच्या ध्वनिमुद्रणाला आलेला माणूस उन्हात बसून परत गेला.

माघ सरेपर्यंत पाला खुडून, वाळवून, पाकिटांत भरून झाला. अकराशे झाडांपैकी एक तेवढे वाचले, कारण ते "चहा-उत्पादक उच्चभूमी" अशा भल्या मोठ्या फलकाच्या मागे होते, आणि फलकाच्या मागे पाहण्याची तरतूद पाहणीत नसते. शिमग्याला त्या एका झाडाची दोन मुठी डाळ निघाली. वच्छलाबाईंनी ती एकाच माणसापुरती घट्ट शिजवली आणि रीताच्या ताटात वाढली.

"माय, तू नाही घेत?"

"मी चहा घेतो," वच्छलाबाई म्हणाल्या.

रीता नव्या डांबरी रस्त्याने परत गेली. रस्ता चांगला झाला आहे, हे मी नमूद करतो.

"कोसमबोडी उच्चभूमी, पहिली तोड" ही पाकिटे पुणे, मुंबई आणि नागपूरच्या प्रदर्शनांत दोन दिवसांत संपली. प्रत्येक पाकिटाच्या मागे अभिप्रायाचा रकाना आणि पत्ता आहे. दोन हजार तीनशे पाकिटांपैकी साडेचारशे अभिप्राय परत आले. धर्मेंद्र यांनी ते पाळीवर बसून वाचून दाखवले: मातीचा गंध. गावाकडची आठवण. आजोळी गेल्यासारखे वाटले. वच्छलाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"एकानंही नाही लिहिलं का बाबू, हे तूर आहे म्हून?"

"नाही मावशी."

"अन् वरन-भात तं समदेच खात असतीन."

तुम्हीही ते पाकीट घेतले होते. नाकारू नका, पाहुणे आले की काढता ते, फडताळातल्या वरच्या कप्प्यातले. पहिल्या घोटाला तुम्हाला काहीतरी ओळखीचे वाटले होते, आणि तुम्ही दीड मिनिट गप्प राहून बाकीच्यांकडे पाहिले होते. समितीच्या अहवालावर पाच सह्या झाल्या असून सहावी जागा ग्राहक प्रतिनिधीसाठी मोकळी ठेवलेली आहे. नाव लिहिण्याची गरज नाही. फक्त सही करा, चहा निवतो आहे.