दहापैकी साडेसहा

माझ्या आईचे सांधे दुखत असत, ही गोष्ट अधिकृतरीत्या कधीच सिद्ध झाली नाही. हे आधीच सांगून टाकलेले बरे, म्हणजे पुढचा मजकूर वाचून कोणत्याही खात्याची बदनामी झाली असे कोणाला वाटणार नाही. तिच्या एकूण एकोणतीस तपासण्या झाल्या आणि एकोणतीसही निर्दोष आल्या. एकतीस वर्षे शाळेत भूगोल शिकवलेल्या आईच्या वर्गाचा इतका चांगला निकाल कधीही लागला नव्हता.

लागणार कसा? आई गुण देताना हात आखडता घ्यायची. नकाशा कितीही सुबक असो, दहापैकी चार म्हणजे चांगला, पाच म्हणजे फारच चांगला. एकतीस वर्षांत तिने एका मुलीला साडेसहा दिले होते. ती मुलगी पुढे काय झाली हे आम्हाला माहीत नाही, पण तिच्या त्या किनारपट्टीच्या नकाशाचा विषय आमच्या घरी जेवताना कित्येक वर्षे निघत असे. मी आईची पोटची मुलगी. मला जास्तीत जास्त साडेचार मिळाले, आणि त्या दिवशी मी आनंदाने रडले होते.

दुखणे बोटांपासून सुरू झाले. मग मनगटे, गुडघे, शेवटी जबडा. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो खिडकीशी धरला आणि ते हसले.

"अभिनंदन, आजी. तुमचे सांधे चाळिशीतल्या बाईसारखे आहेत."

"तिचे तिला परत द्या," आई म्हणाली. "मला माझ्यांनी दोन मजले चढायचेत."

बातमी इमारतीत पसरली. शेजारीण आनंद व्यक्त करायला आली. काही निघालं नाही ना, मग झालं तर, असे म्हणून तिने आईचा हात इतक्या प्रेमाने दाबला की आईला दोन दिवस पेला धरता आला नाही. एका मावशीने तांब्याची बांगडी पाठवली, दुसरीने बांगडी काढायला सांगितली. चुलतभावाने सकारात्मक विचारांचे एक पुस्तक दिले. ते दोन्ही हातांनीसुद्धा उचलता येत नव्हते, म्हणून त्याचा उपयोग तसा झाला नाही.

आईचे मागणे मोठे नव्हते. तिला स्वतःचे केस स्वतः विंचरायचे होते. रोज सकाळी कामावर जाण्याआधी मी तिची वेणी घालत असे, आणि ती आरशात माझ्याकडे तपासनीसाच्या नजरेने बघत असे. "भांग वाकडा आहे," एवढेच म्हणे. तो वाकडाच असायचा. मला आठ वाजून दहा मिनिटांची बस गाठायची असायची.

मोठ्या रुग्णालयात अशा रुग्णांसाठी 'अनिदानित वेदना कक्ष' होता. तिथे बोटांच्या सांध्यांत एक इंजेक्शन देत, आणि त्याने बऱ्याच जणांची मूठ पुन्हा वळू लागे. कक्षात प्रवेशाची अट अगदी तर्कशुद्ध होती. वेदना अनिदानित आहे, याचे निदान आधी व्हायला हवे. त्यासाठी पाच विभागांकडून 'सदर रुग्ण आमचा नाही' असा दाखला आणायचा. हाडे, नसा, रक्त, त्वचा आणि मन. विभाग पाच वेगवेगळ्या मजल्यांवर होते, कारण रुग्णाला चालता येते की नाही हेही त्यात आपोआप तपासले जाई. चालत येऊ शकला तर तो फारसा आजारी नाही. न आला तर त्याचा दाखला अपूर्ण.

आईने चौदा महिन्यांत पाचही दाखले मिळवले. मनाच्या डॉक्टरांपाशी थोडा वेळ गेला.

"मनात काही दुःख साठलंय का?"

"आहे ना."

डॉक्टरांनी लेखणी सरसावली. "कुठलं?"

"डाव्या गुडघ्यातलं. मनात जागा नव्हती."

अशा रीतीने माझी आई रीतसर कोणाचीच रुग्ण राहिली नाही आणि आम्ही कक्षाच्या दारात पोहोचलो. खिडकीमागे नोंदणी करणारी बाई होती. तिने आईकडे पाहिले आणि उभी राहिली.

"बाई, तुम्ही? ओळखलंत का? तुम्ही मला नकाशात दोन दिले होते."

आईने तिला नीट न्याहाळले. "तुझी नदी समुद्रातून निघून डोंगरावर चढत होती."

"हो, बाई."

"दोन जास्तच दिले."

नोंदणीच्या बाईने हसत एक तक्ता पुढे केला. शून्य ते दहा, आणि खाली हसऱ्यापासून रडक्यापर्यंत सहा चेहरे. वेदना किती ते रुग्णाने स्वतः सांगायचे. सात किंवा जास्त असेल तर आत, कमी असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा. आईने चष्मा लावून तक्ता तपासला. तिसऱ्या आणि चौथ्या चेहऱ्याचे तोंड एकसारखेच आहे, हे तिने दाखवून दिले. मग म्हणाली, "चार."

"बाई, नीट आठवून सांगा," नोंदणीची बाई हळू आवाजात म्हणाली. "सातच्या खाली मला बंदी आहे."

"चार म्हणजे चार."

जिन्यात मी आईला गाठले. गाठायला वेळ लागत नसे, ती एकेका पायरीवर थांबायची.

"आई, आठ सांगायला काय होतं गं?"

"आठ कुणाला द्यायचे असतात?"

"तुझी बोटं वळत नाहीत. तुला घास चावता येत नाही."

"मग? अजून गिळता येतंय. उद्या तेही गेलं तर तेव्हा काय देऊ? जागा ठेवावी लागते वर."

"परीक्षा नाहीये ही."

"दहापैकी विचारलं म्हणजे परीक्षाच," ती म्हणाली आणि पुढची पायरी उतरली.

तीन महिन्यांनी चार. सहा महिन्यांनी चार. तोवर ती बटणे लावू शकत नव्हती, नळ फिरवू शकत नव्हती, वर्तमानपत्राचे पान उलटण्यासाठी माझी वाट बघत होती. कक्षाच्या समितीने कागद बघून समाधान व्यक्त केले. 'वेदना सौम्य व स्थिर. रुग्ण समजूतदार.' समजूतदार हा शेरा सहसा मिळत नाही, असे डॉक्टरांनी मुद्दाम सांगितले. जे रुग्ण ओरडतात त्यांच्याविषयी वेगळी नोंद होते. ते दहा म्हणतात, आणि दहा म्हणणाऱ्याला अतिशयोक्तीची सवय असल्यामुळे त्यांचे तीन गुण कापले जातात. दहातून तीन गेले की सात उरतात आणि ते आत जातात. पद्धत निर्दोष होती. फक्त खरे बोलणाऱ्यांची सोय राहून गेली होती.

पुढच्या खेपेला नोंदणीच्या बाईने इकडेतिकडे पाहिले आणि खिडकीतून वाकली. "बाई, मी सात लिहिते. कोण बघतंय?"

"तुझ्या नकाशाला मी वाढवून दिले होते का?"

"नाही."

"मग मला कशाला देतेस?"

त्या बाईने माझ्याकडे पाहिले. मी घड्याळाकडे पाहिले. अर्ध्या दिवसाची रजा होती.

खरे सांगायचे तर चार हा आकडा माझ्याही सोयीचा होता. कार्यालयात कोणी विचारले, आई कशी आहेत, तर मी म्हणे, ठीक आहे, चारवर आहे. चारवर असलेली आई घरी ठेवून माणूस बैठकीला जाऊ शकतो. आठवर असलेल्या आईचे काहीतरी करावे लागते.

सहाव्या, म्हणजे नियमाप्रमाणे शेवटच्या खेपेला आम्ही तिला चाकाच्या खुर्चीतून नेले. तिने तक्ता मागितला नाही. बराच वेळ ती मांडीवरच्या हातांकडे बघत होती, वही तपासून संपल्यावर बघायची तशी. मग म्हणाली, "साडेसहा."

एकतीस वर्षांतला तो एकच नकाशा मला आठवला.

नोंदणीच्या बाईने आकडा टाकला. यंत्राने तो स्वीकारला नाही. यंत्राला अर्धा गुण समजत नव्हता. तिने आत जाऊन विचारले आणि नियम घेऊन आली. अर्धा गुण हा रुग्णाच्या भावनांचा भाग समजून वगळावा. पडद्यावर सहा उमटले.

"बाई," ती म्हणाली, "साडेसहा तुम्ही कधी कुणाला दिले नाहीत. सगळ्या शाळेला माहीत होतं."

"एकीला दिले होते," आई म्हणाली. "नियम काय म्हणतो?"

"सहा."

"मग सहा."

सहा खेपांत सात न गाठल्यामुळे कागद बंद झाले. त्यानंतर अकराव्या दिवशी आई गेली. कारणाच्या रकान्यात हृदय लिहिले आहे. हृदयाबद्दल तिची कधीच काही तक्रार नव्हती, पण रकाना रिकामा ठेवता येत नाही.

महिन्याभराने रुग्णालयातून एका मुलीचा फोन आला. अतिशय गोड आवाज होता. आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल? मी म्हणाले, चार. ती म्हणाली, धन्यवाद, चार म्हणजे समाधानकारक, आम्ही तसंच नोंदवतो. मी तिला सांगू शकले असते की चार म्हणजे काय ते देणाऱ्यावर अवलंबून असते. पण ते मला आईच्या वेळीही माहीत होते. नोंदणीच्या बाईला माहीत होते, सगळ्या शाळेला माहीत होते. माहीत असणे हा काही कोणता दाखला नव्हे.

तर वाचकहो, एवढे वाचलेच आहे तर उठून शेजारच्या खोलीत जा. तिथे जे कोणी खुर्चीच्या हातावर भार देऊन उठत असेल, त्याला विचारा, आज कसं आहे. उत्तर 'बरं आहे' असेच येईल. ते ऐकून तुम्हाला एकदम हायसे वाटेल आणि तुम्ही परत येऊन बसाल. फक्त जाता जाता त्या हायसे वाटण्याला दहापैकी किती द्याल, तेवढे सांगा. सढळ हाताने द्या, तपासायला आता कोणी नाही.