शिट्टी वाजवणारा च

तिसरी शिट्टी झाली तसा श्यामसुंदर बर्व्यांनी गॅस बंद केला आणि पुन्हा वर्तमानपत्रात डोकं घातलं. जेवायला बसल्यावर पानात छोले पडले ते खडे पडल्यासारखे वाजले.

"किती शिट्ट्या मोजल्यात?" लीनाने विचारलं.

"तीन. तू सांगितल्या होत्यास तेवढ्याच."

"कुकरची फक्त एक झाली असणार. मी बाल्कनीत फोनवर होते. सुलभाला लोणचं कसं घालायचं ते सांगत होते."

'लोणचं'वर एक आणि 'घालायचं'वर एक, अशा दोन शिट्ट्या भर जेवणात वाजल्या. श्यामसुंदरनी छोल्यांकडे पाहिलं, मग बायकोच्या दातांकडे. हिशोब बरोबर जुळत होता.

हे दात नवे होते. श्यामसुंदर केंद्र सरकारच्या एका खात्यात अधिकारी. बदली होऊन कोलकात्यात डमडमला आल्याला चार वर्षं झाली होती. थंडीत मिळणारा पाटाळी, म्हणजे ढेपेतला खजुराचा गूळ, लीनाला फार आवडायचा. या वर्षीच्या ढेपेचा तुकडा विळीलाही दाद देईना, म्हणून तिने दाताने तोडला. गुळाला काही झालं नाही, पुढच्या दाताचा कोपरा मात्र उडाला. डॉक्टर सान्याल म्हणाले, एकाच दाताचं काम वेगळं दिसेल, पुढच्या चारही दातांवर पातळ कवचं बसवू. बसवली. दात इतके पांढरे झाले, की लीना हसली की समोरचा माणूस आधी दचकायचा आणि मग हसायचा.

रंगाचं तिने मनावर घेतलं नसतं. पण च, ज आणि झ! लीना दर रविवारी महाराष्ट्र मंडळात मुलांना मराठी शिकवायची. तिकडे जन्मलेली ही मुलं 'चोर' आणि 'चिवडा' दोन्ही एकाच चने म्हणत. 'चोर'मधला च दाताजवळ म्हणायचा, हे सांगून सांगून तिची चार वर्षं गेली होती. आता दोन रविवारांत अकराच्या अकरा मुलांना तो च साधला. शिट्टीसकट.

मंगळवारी अरुणकाका पाटणकरांचा फोन आला. काकांची तिसरी पिढी कोलकात्यात, आणि मराठीवर त्यांचा फार जीव.

"वहिनी, कमाल केलीत! आमची नात शर्वरी इतका शुद्ध च कधीच म्हणत नव्हती. फक्त एक शंका आहे. शिट्टी वरच्या सुरात घ्यायची, की खालच्या?"

लीनाने फोन कानापासून जरा लांब धरला.

"मी पण सराव करतोय," काका म्हणाले. "पण कवळी मध्ये येते."

फोन ठेवून लीनाने कॅलेंडर पाहिलं. मंडळाचा कार्यक्रम तीन आठवड्यांवर आला होता. अकरा मुलं स्टेजवर एका सुरात 'चांदणं' म्हणणार, या कल्पनेनेच तिच्या अंगावर काटा आला. त्या दिवसापासून तिने च टाळायला सुरुवात केली. चमचा हवा असेल तर "ते ढवळायला लागतं ना, ते द्या," म्हणायची. हसायची ती तोंडावर हात ठेवून. हे श्यामसुंदरना बघवेना. घरात सदैव बोलणारी बायको शब्द चाचपत बोलते म्हणजे काय!

"उद्याच्या उद्या जाऊन त्या सान्यालची हजेरी घेतो," ते गरजले. "ग्राहक मंचात खेचतो. नेटवर असं लिहितो, की पेशंट फिरकायचा नाही तिथे!"

"आणि मग माझे दात कोण दुरुस्त करणार? ग्राहक मंच?"

श्यामसुंदरनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"ज्याने केलंय त्याला आधी सुधारायची संधी द्यायची," लीना शिट्ट्यांची पर्वा न करता म्हणाली. "त्याला नाहीच जमलं तर कागद, फोटो, एक्स-रे मागून घ्यायचे आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं. भांडण शेवटी. ते काय, कधीही करता येतं."

तिने जुने हसरे फोटो काढले. आरशासमोर बसून एकेक शब्द म्हणून पाहिला. शिट्टी कुठे वाजते, कुठे अर्धी वाजते, कुठे नाहीच वाजत, सगळं लिहून काढलं. आणि शनिवारी दोघं दवाखान्यात पोचली.

श्यामसुंदरनी आत शिरताच तोंडाचा पट्टा सोडला. "हे काय दात आहेत? बोलताना शिट्टी वाजते! हे बघा! लीना, दाखव!"

लीनाने नाइलाजाने दात दाखवले. बाकावरच्या तीन बायका एकदम उठून जवळ आल्या.

"की शुंदोर!" एक म्हणाली.

"मला अगदी अस्सेच हवेत," दुसरीने काउंटरवरच्या मुलीला सांगून टाकलं.

श्यामसुंदर खाली बसले.

डॉक्टर सान्याल तिशीतला तरुण, गोरामोरा होऊन बाहेर आला. "पण मॅडम, मी तुम्हाला बोलायला लावलं होतं. इंग्रजी आकडे, हिंदी, थोडं बंगाली. सगळं ठीक होतं."

"अजूनही ठीक आहे," लीना हिंदीत म्हणाली. "तुमचं काम वाईट नाही. चुकलं ते एवढंच, की मी ज्या भाषेत स्वप्नं बघते ती तुम्ही तपासली नाहीत. मीही सुचवलं नाही. आता ऐका." आणि तिने यादी वाचली. "चमचा. चांदणं. पाच. माझं. झोप."

पाच शब्दांत सहा शिट्ट्या. डॉक्टरने डोळे मिटून ऐकलं. सबबी सांगितल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. "पुन्हा एकदा म्हणा," एवढंच म्हणाला आणि हातमोजे चढवले.

तीन खेपा लागल्या. किंचित घासायचं, लीनाने 'चमचा' म्हणायचं, डॉक्टरने कान द्यायचा. दोन कवचं काढून नवी बसवली, रंगही थोडा उतरवला. तिसऱ्या खेपेला 'चमचा' स्वच्छ आला तेव्हा सान्यालने आनंदाने स्वतःच तीनदा "चमचा, चमचा, चमचा" म्हटलं. उच्चार, लीनाच्या मते, नापास होण्याइतका वाईट नव्हता.

कार्यक्रम छान झाला. मुलांची शिट्टी एका रविवारात गेली, च मात्र दातापाशीच राहिला. श्यामसुंदर दिसेल त्याला सांगत सुटले, "आमच्या हिने आवाज न चढवता काम करून घेतलं. मला नसतं जमलं!" हे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं.

महिन्याभराने सान्यालचा फोन आला. आवाज दबका होता. "मॅडम, जरा येता का? इथे एक पेशंट आरडाओरडा करतायत. काय चुकलं ते सांगतच नाहीत. तुम्ही त्यांना नीट तक्रार कशी करायची ते शिकवाल?"

दोघं गेली. हावड्याला कारखाना असलेले मंडलबाबू टेबलावर मुठी आपटत होते. लीना शेजारी जाऊन बसली.

"दुखतंय का?"

"नाही."

"चावता येत नाही? रंग आवडला नाही? जीभ अडकते?"

"नाही, नाही, नाही!"

"मग नेमकं काय नको वाटतं?"

मंडलबाबूंची मूठ सैल झाली. "नवे दात बसवून तीन आठवडे झाले," ते खालच्या आवाजात म्हणाले. "घरात कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही."

श्यामसुंदरना हसू येत होतं, पण बायकोचा चेहरा पाहून त्यांनी ते गिळलं.

"घरी हसलात का?" लीनाने विचारलं.

मंडलबाबू आठवू लागले. बराच वेळ आठवत राहिले.

"बायकोला फोन लावा," लीना म्हणाली. "काहीतरी गोड बोला."

त्यांनी फोन लावला. ऐकू कमी येत असल्यामुळे त्यांचा स्पीकर सदैव चालूच असे. घसा खाकरून ते म्हणाले, "ऐकतेस का? आज लवकर घरी येतो. आपण दोघं गंगेवर फिरायला जाऊ."

पलीकडून घाबऱ्या घाबऱ्या आवाज आला, "अहो, काय झालं तुम्हाला? कुठल्या हॉस्पिटलात आहात?"

मंडलबाबू फोनकडे बघत राहिले. आणि मग पोट धरून, मान मागे टाकून, खदाखदा हसायला लागले.

दात खरोखरच सुरेख बसले होते.