डाव्या बाजूचा कठडा

मार्च महिना संपत आला की कुमुदताई फुटपाथवर खुर्ची टाकून बसतात. खराब फुटपाथवर नाही. आमच्या नारायण पेठेतल्या गल्लीच्या तोंडाशी जो एकच सपाट, धड तुकडा उरलाय, नेमका त्यावर. मांडीवर भाजी निवडायचं ताट आणि डोक्यावर यजमानांची जुनी क्रिकेटची टोपी. कोणी विचारलंच तर म्हणतात, "पहारा देतेय."

पहारा कसला, ते नव्या माणसाला समजावून सांगावं लागतं. आमच्या भागाच्या महापालिका कार्यालयाला वर्षाचा निधी एकतीस मार्चच्या आत संपवायचा असतो. उरला तर परत जातो. मग उरलेल्या पैशांत हाच धडधाकट फुटपाथ उखडून नवे ब्लॉक बसवायचे, असा तिथला शिरस्ता. एका वर्षी खोदणारी माणसं आली, तरी ताई हलल्या नाहीत. मुकादम म्हणाला, "आजी, जरा बाजूला व्हा की."

"मी आजी नाही, करदाती आहे," ताई म्हणाल्या.

माणसं परत गेली. जाण्याआधी ताईंनी त्यांना चहा पाजला, हेही सांगायला हवं.

कुमुदताई आमच्या खालच्या मजल्यावर एकट्या राहतात. शाळेत गणित शिकवायच्या. यजमान त्याच शाळेत चित्रकलेचे सर होते. आम्ही इथे राहायला आलो त्याच्या आधीच ते वारले. मूलबाळ नाही. कोणी भेटलं की लोक 'काय, बरं आहे ना?' म्हणतात, तसं ताई म्हणतात, "शिल्लक किती?" भाजीवालीला कोथिंबिरीबद्दल विचारतात, मला रजेबद्दल. माझ्या बायकोला पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती दोन दिवस घुश्शात होती.

भागाच्या कार्यालयात नागरिकांची बैठक असते, तिथे ताईंची हजेरी कधी चुकत नाही. आणि दर वर्षी त्यांची मागणी एकच. सार्वजनिक दवाखान्याच्या पायऱ्यांना डाव्या बाजूने कठडा बसवा.

"बाई, तिथे कठडा आहे ना!" अधिकारी म्हणायचे.

"तो उजवीकडे आहे."

"मग?"

"तुमच्या दवाखान्यातून माणसाला उतरता येतं, चढता येत नाही."

यावर सगळे हसायचे. खरं सांगतो, मीसुद्धा हसायचो. पैसे वाचवा म्हणणारी बाई असलेल्या कठड्याशेजारी दुसरा कठडा मागते, याला काय म्हणायचं?

मग दिवाळीत माझ्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालू लागले. व्यायामासाठी त्याच दवाखान्यात न्यायचं होतं. पायऱ्यांशी आले की बाबा डावा हात पुढे करायचे आणि तिथे नुसती गुळगुळीत भिंत. मी काखेत हात घालून त्यांना वर चढवायचो. आयुष्यभर कोणाकडून पिशवीसुद्धा उचलून न घेतलेला हा माणूस. महिन्याभरात त्यांनी जाहीर केलं, "मला काही होत नाही व्यायामाने. बंद." आणि खरंच जाणं बंद केलं. दिवसभर खिडकीशी बसून राहायचे.

हे मी जिन्यात ताईंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत की 'बघा' म्हणाल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "प्रकाशराव, शनिवारी हिशेबाची बैठक आहे. चला माझ्याबरोबर."

बैठकीत वर्षाचा खर्च वाचून झाला. शेवटी अधिकारी म्हणाले, "शिल्लक रकमेतून नारायण पेठेतला फुटपाथ नवा करू."

ताई उठल्या. "त्याला काय झालंय?"

"जुना झालाय हो, बाई."

"जुने तर तुम्हीही झालात. तुम्हाला उखडायचं का दर मार्चला?"

सभा खदखदून हसली. ताईंनी मात्र तिथल्या तरुण इंजिनियरला सरळ बाहेर काढलं आणि समोरच्या दवाखान्यापाशी नेलं. "उजवा हात खिशात घाला. आता पाय ओढत चढा."

तो हसत हसत चढू लागला. तिसऱ्या पायरीवर त्याचा तोल गेला आणि डावा हात भिंतीवरून घसरला. तो तसाच उभा राहिला. मग खाली येऊन म्हणाला, "बाई, हे आधी का नाही दाखवलंत?"

"आधी तुम्ही नव्हता," ताई म्हणाल्या.

मार्चअखेर कठडा बसला. बाबांना कसंबसं समजावून नेलं. त्यांनी डाव्या हाताने कठड्याची नळी घट्ट धरली, मला कोपराने दूर केलं आणि एकेक करत सगळ्या पायऱ्या चढले. वर पोचल्यावर मागे वळून ओरडले, "बघत काय बसलास? ये की!" मला काही दिसेना, डोळे भरून आले होते. आमच्या घरावर ताईंचे हे उपकार आहेत आणि ते फिटायचे नाहीत.

ताईही आल्या होत्या आणि इंजिनियर तिथेच होता. ताईंना म्हणाला, "बाई, आता तुमच्या सरांनाही घेऊन या."

"आणते हं," ताई म्हणाल्या.

मी चमकून पाहिलं. सर तर केव्हाच वारले होते. परत येताना त्या आपणहून बोलल्या. "आमच्या यांचाही उजवा हात गेला होता. त्यांच्यासाठीच मागत होते. ते गेल्याचं कार्यालयात कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर 'मग आता गरज नाही' म्हणून विषय मिटवला असता."

"आता सांगायला हरकत नाही, ताई."

"हो, सांगेन. पण तिथे दर बैठकीला कोणी ना कोणी विचारायचं, सर कसे आहेत? मी म्हणायचे, आहेत तसेच आहेत. दुसरीकडे कुठे आता कोणी विचारत नाही हो."

पुढे चाललेले बाबा काठी टेकून थांबले. झटक्यानंतर त्यांचं बोलणं जरा जड झालंय, म्हणून त्यांनी एकेक शब्द सावकाश उच्चारला.

"कसे होते हो सर? सांगा ना."

ताईंनी आधी पदराने चष्मा पुसला, मग सांगायला लागल्या. घर आलं, तरी आम्ही तिघेही खालीच उभे होतो.