झारीकाकांचं न कोमेजणारं लिझिअँथस

झारीकाकांना गल्लीत हे नाव उगीच पडलं नव्हतं. प्रेम उतू गेलं की ते पाणी घालत. त्यांच्या हातून निवडुंगसुद्धा बुडून मेला होता. (निवडुंगांच्या खानदानात ही पहिलीच घटना असावी.)

"झारीत शुक्राचार्य बसलेला परवडला," काकू म्हणायच्या, "तो निदान पाणी तरी अडवतो!"

आपल्या हातून एक तरी झाड फुलावं आणि बायकोनं एकदा 'वा!' म्हणावं, एवढंच काकांचं मागणं. त्यासाठी त्यांनी साधा झेंडू सोडून थेट लिझिअँथस निवडलं. बी कसलं, नुसती धूळ! शिंक आली असती तर बाग शेजाऱ्यांकडे उगवली असती.

"गुलाबासारखं फुलतं, वर काटे नाहीत," नर्सरीवाला म्हणाला. "कापून ठेवलंत तरी दोन-तीन आठवडे ताजं. फक्त पाणी बेतानं. माया आवरा, काका."

काकूंनी झारीच कपाटात बंद केली. लागेल तेवढं पाणी त्या वाटीनं मोजून द्यायच्या. काका नुसते गॅलरीत खुर्ची टाकून बसत. रोपं महिनोन्‌महिने वाढायचं नाव घेईनात. जांभळट संध्याकाळी काकांचा डोळा लागे. मग स्वप्नात फुलं भिंतींवरून, छतावरून हलकेच उमलत जात आणि काकू त्यातून तरंगत येऊन 'वा' म्हणायला ओठ उघडत. तेवढ्यात कुकरची शिट्टी होई.

अखेर एका सकाळी, मिटलेल्या छत्रीसारख्या कळ्यांचा पीळ सुटला. रेशमी जांभळी फुलं! काकांनी ती कापून फुलदाणीत ठेवली.

"टिकली तर बोलेन," काकू म्हणाल्या.

टिकली! तीन आठवडे झाले, महिना उलटला, दुसरा लागला. काका जमिनीवरून चार बोटं वर चालू लागले. शेवटी त्यांनी नर्सरीवाल्यालाच चहाला बोलावलं.

नर्सरीवाल्यानं एक देठ उपसला. "काका, याला गंज चढलाय."

"नवीन रोग?"

"नाही, तार आहे."

काकांनी काकूंकडे पाहिलं.

"खरी केव्हाच सुकली हो," काकू पुटपुटल्या. "तुम्ही खुर्चीत झोपेतच हसत होतात. मोडवेना ते स्वप्न. म्हणून गुपचूप कापडाची आणली."

काकांना भरून आलं. लग्नानंतर इतकं गोड कुणी फसवलं नव्हतं.

"पण कापडाच्या फुलांच्या तारेला गंज कसा चढला?" काकूंनी विचारलं.

"पाणी... रोज बदलत होतो. अगदी ताजं, गळ्यापर्यंत," काका खाली बघत म्हणाले. "आणि पाकळ्यांवरही थोडं शिंपडायचो."

काकूंनी गुच्छ उचलला. तपकिरी पाणी ठिबकलं. बुरशी धरलेली एक पाकळी टपकन चहात पडली.

"कापडाचीसुद्धा मारलीत!" काकू म्हणाल्या. "वा!"