चेकर जाधवराव आणि माझा बटणांचा डबा

२००९ साल. माझं वय अठ्ठ्याहत्तर. म्हैसूरजवळ येलवालच्या वृद्धाश्रमात माझ्या शेजारच्या खाटेवर जाधवराव होते. जन्मभर नंजनगूडच्या बसमध्ये तिकीटचेकर. रिटायर झाले, तपासणी काही सुटली नाही. रोज सकाळी कोटाची बटणं लावून खाटेखाटेपाशी फिरायचे आणि हात पुढं करायचे, "स्वामी, तारीख दाखवा." कुणाचं औषध तारीख उलटलेलं निघालं की म्हणायचे, हे विनातिकीट, खाली उतरवा. उन्हात बाटली दिसली की स्वतः उचलून सावलीत ठेवायचे. मग त्याच खाटेच्या कडेला टेकून लेकी-सुनांची चौकशी. पाय मात्र सारखे हलते, लगेच पुढची खाट.

माझ्याशी त्यांचं रोज वाजायचं. मी शिंपी. शाळा दुसरीपर्यंत, पण कात्रीत माझा हात धरणारा म्हैसुरात नव्हता, आजही नाही. गोळ्यांचं पाकीट आणलं की कडा छाटून, एकेक गोळी सुटी कापून मी बटणांच्या डब्यात रंगवार लावायचो. त्या कडेवरच तारीख छापलेली असते म्हणे. जाधवराव डबा बघून कपाळाला हात लावायचे.

"मास्तर, तुम्ही तिकिटाचा नंबरच कापून टाकला की."

मी म्हणायचो, डबा माझा, तुम्ही सुम्ने बसा. गप्प बसणं त्यांना कुठलं जमायला.

मग सिस्टरनं कुलपाचं कपाट आणलं. सगळ्यांची औषधं आत. तारखा ती बघणार, गोळी तीच हातावर ठेवणार. माझा डबाही रिकामा झाला. बरं झालं, असं सगळे म्हणाले. जाधवरावही म्हणाले.

पण त्यानंतर कोट खुंटीवरच राहिला. बसायचे, उठायचे, कपाटाचं कुलूप ओढून बघायचे, परत यायचे. ताटात अन्न टाकायला लागले. एका संध्याकाळी मी चिडलो. म्हटलं, चार माणसांत जाऊन बसा की, कुणी अडवलंय?

"काय म्हणून जाऊ, मास्तर?" ते म्हणाले. "जन्मभर तिकीट मागितल्याशिवाय कुणाशी बोललो नाही. नुसतं जाऊन बसायचं कसं, ते येत नाही मला."



दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या दुकानातून खोकल्याच्या, चघळायच्या गोळ्या आणल्या. कात्रीनं तारखेची कड छाटली, गोळ्या डब्यात रचल्या, डबा खिडकीत भर उन्हात उघडा ठेवला, आणि भिंतीकडं तोंड करून मोठ्यानं खोकत बसलो.